मुद्देमाल

त्या इमारतीत आता दातांचा दवाखाना आहे.
मुलं अजूनही तिथे तोंड उघडायला घाबरतात,
एवढं सोडलं तर जुन्या कामाची काही खूण नाही.

दप्तर आमच्याकडे आलं.
बेंडिगोच्या बालन्यायालयाची एकसष्ट पुस्तकं,
सफरचंदांच्या खोक्यांतून,
आणि सोबत एक ठेंगणं लाकडी स्टूल,
ज्याची यादीत नोंद नव्हती.
बरेच दिवस मी त्यावर चहाचा कप ठेवायचे.
मग खर्चाच्या वहीत सापडलं:
‘पिंजऱ्याच्या कठड्यावरून आरोपी दिसत नाही,
सबब सुतारास तीन शिलिंग.’

त्यानंतर चहा खिडकीत.

नाव, वय, धर्म, आरोप, मुद्देमाल, हुकूम.
आरोपाच्या रकान्यात चोऱ्या थोड्याच:
एक सायकल, कुणाचं तरी कबूतर.
बाकी पानोपानी ‘घर नसणे’,
‘बाप बेपत्ता असणे’,
‘रात्री रस्त्यावर आढळणे’,
जणू हे सगळं मुलांनीच केलं.
कारकुनाचं अक्षर मोठं वळणदार.
खाडाखोड कुठेच नाही.
कधी हात थरथरला असेल,
तर टीपकागदाने तेही टिपून घेतलं.

जुलैच्या गारठ्यात क्लेम ट्रेम्बाथ आले, वय एकोणऐंशी.
टोपी गुडघ्यावर. सन सत्तेचाळीसचं पान हवं होतं.
मी वाचून दाखवलं, त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता:
वय आठ. आरोप, घर नसणे.
मुद्देमाल, बूट, एक.
हुकूम, अठरा पुरी होईतो सरकारजमा.

म्हटलं, लिहिताना चुकले असतील,
जोडी म्हणायचं असेल.

“चूक नाही,” ते म्हणाले.
“दुसरा विल्फच्या पायात होता.
एका जोडीत दोघं भागवायचो. तो पाचचा.
त्याला कुठे नेलं, कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नसेल.
त्या स्टुलावर उभं राहिलं की
पडायचं नाही, एवढंच डोक्यात असतं.”

सहा वर्षांखालचे मुलगे मुलींच्या पुस्तकात लिहीत.
हे मला ठाऊक होतं, बावीस वर्षांच्या नोकरीत
कुणी विचारलं नव्हतं इतकंच.
तीच तारीख. वेळ दहा मिनिटांनी पुढची.
ट्रेम्बाथ, विल्फ्रेड. आरोप तोच.
मुद्देमाल: बूट, एक.
हुकुमाच्या रकान्यात एका गावाचं नाव,
शाई इतकी पुसट की
आम्ही दोघांनी ते वेगवेगळं वाचलं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
दोन्ही पुस्तकं हळूच जवळ सरकवली,
कडेला कड लागेपर्यंत.
मग विचारलं,
“डावा कुणाचा, लिहिलंय का?”

नव्हतं लिहिलेलं.

मूळ कागदावर काही लिहायला नियमाने मनाई आहे.
मी एक चिठ्ठी घेतली, पेन्सिलीला टोक केलं.
ते सांगत गेले:
डावा, क्लेम.
उजवा, विल्फ. पुढे कापूस भरलेला,
कारण त्याला फार मोठा व्हायचा.