इतिवृत्त

धारूरला, खताच्या दुकानावरच्या खोलीत
सतरा पोरं-पोरी.
पत्र्याखाली पंखा फिरतो,
वारा कुठं पाडतो ते त्यालाच ठाऊक.
मी निवृत्त ग्रामसेवक.
एकतीस वर्षं नमुने भरले,
आता ते वाचायचे कसे, ते शिकवतो.

पहिल्या दिवशी अंदाजपत्रक.
शिल्लक दरसाल गोल आकड्यात आली
तर शंका घ्या, म्हणालो.
अनुरथनं लिहून घेतलं, खाली दोन रेघा.
जाता जाता हेही सांगितलं,
विषयात आपला हितसंबंध असला
की हात खाली ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी गणपूर्ती.
माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब,
आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.
"मग पहिली बोलवायचीच कशाला?"
तबस्सुम म्हणाली.
मी पाणी प्यालो.

तिसऱ्या दिवशी फळ्यावर एकच शब्द लिहिला :
सर्वानुमते.
गावातला सगळ्यात गुळगुळीत शब्द हा,
बोट ठेवलं की घसरतं.
(वाक्य घरून पाठ करून आलो होतो.)

मागच्या रांगेतून दैवशाला उठली.
बियाण्याच्या कंपनीची पिशवी, तिच्यात घडी घातलेली झेरॉक्स.
दहा रुपयांचं तिकीट, चार महिने, एक अपील,
एवढ्यावर मिळालेला कागद.
सोळा वर्षांमागची सव्वीस जानेवारी, तिच्या गावची सभा.
विषय क्रमांक सात : वस्तीवरच्या नळाची जागा बदलणे.
अनुमोदक, गयाबाई तिडके. अंगठा.

"माय हाय माझी. पण सर,
त्या जानेवारीत ती कर्नाटकात होती, कोयत्यावर.
मी फडातच होते की, सहा वर्षांची,
वाढं गोळा करायला.
अंगठा तिच्यासंगं होता.
मग ह्यो कुणाचा?"

तिनं कागद पाहिला, मग फळा.
दोन्हीकडं तोच रफार,
विळ्यासारखा मागं वळलेला.
माझ्याकडं मात्र पाहिलं नाही.
पोरगी सभ्य.

"एक मेची सभा होती की.
तवर आम्ही माघारी आलेलो असतो.
ठराव तवा का नाही घेतला?"

माहीत होतं मला. म्हणूनच तर.
हे मोठ्यानं म्हणालो की मनात, सांगता येत नाही.
पंखा थांबला होता, लाईट गेली असावी.
पण अनुरथनं पेन खाली ठेवलं,
म्हणजे मोठ्यानंच.

अविश्वास ठराव पाहिलेत मी,
खुर्च्या उडताना, धोतरं सुटताना.
इथं कुणी ओरडलं नाही.
खाली हमाल पोती मोजत होता,
चौदा, पंधरा,
तेवढाच आवाज.

मग तबस्सुम म्हणाली,
"सर, आज लुटुपुटुची सभा हाय ना?
विषय मी मांडते. नळ माघारी आणायचा."
उद्धव आडवा उठला :
"सोळा वर्षं झाली. त्या नळाभोवती घरं झाली आता.
तिथल्या लेकरांनी काय पाप केलं?"
दीड तास चालली.
कुणी नकाशा काढला, कुणी पाइपाचा भाव विचारून आला,
एकदा दोघं हमरीतुमरीवर आले, ते चहानं मिटलं.
मी सचिव. नुसतं लिहायचं.

हात वर झाले. मोजले. परत मोजले.
बाजूने नऊ, विरोधात सहा.
तटस्थ दोन.
त्या दोनांत दैवशाला.

"अगं, तू?"
"नळ आमच्याच वस्तीचा हाय, सर.
तुम्हीच सांगितलं, हितसंबंध असला की हात खाली."

हाताला सवय.
आकड्यांनंतर तो आपोआप त्या शब्दाकडं वळला,
स पर्यंत गेलाही.
खोडला. खोडल्याची सही केली शेजारी,
नियम आहे तसा.

उतरताना ती जिन्यात थांबली.
"सर, याची नक्कल द्या.
तारीख टाकून."