माशी मोजणारी

मणेराजुरीत ओढ्याकडच्या प्लॉटात
तारेला टांगलेत सतरा लाल डबे.
आत बोटभर व्हिनेगर, चिमूटभर यीस्ट,
भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब,
म्हणजे बसली की बुडावी.
सोमवारी आणि गुरुवारी
मी ते चहाच्या गाळणीतून गाळते.

घरी विचारतात, काय असतं गं तुझं काम?
माशा, मी सांगते.
मारतेस?
मोजते, मामा.
सासरे ठसका लागेस्तोवर हसतात.

तीन मिलिमीटरचा जीव, पांढरी बशी.
ब्रशच्या केसानं पंख उलगडायचा,
भिंगाखाली आपलाच श्वास धरायचा.
नर असेल तर पंखाच्या टोकाशी एक काळा ठिपका.
मादीला ठिपका नाही.
तिच्याकडं करवत आहे,
शेपटाशी, दातेरी.

आपल्या माशीला मी ओळखते.
बेदाणा शेडच्या मागं, फुटक्या घडांच्या ढिगावर
आपण टाकलं त्यात ती भागवते.
ही सडायची वाट बघत नाही.
हिला सालीला ताण आलेला,
नुकता गोडीवर आलेला मणी लागतो.
कापते, आत अंडं ठेवते, जाते.
मणी तसाच. वरची पांढरी झिलई तशीच.
पनेटमध्ये बसतो, गारठ्यात, समुद्रावरून,
आणि तिकडं कुणीतरी
पोराच्या हातावर तो ठेवतं.

कागदावर ती आपल्याकडं नाही.
त्या ‘नाही’साठी मी गाळणी धुते.

आज अकराव्या डब्यात
एकाच्या पंखावर काळं काहीतरी.
चष्मा पुसला. भिंग पुसलं.
पंख पुसता येत नाही.

अण्णा चिवटे बोलले नाहीत,
फक्त क्रेट मोजायचे थांबले.
कंटेनर परवाचा.
जैबून आणि सुलाबाई, चिकट कात्र्या
देठावर टेकवून तशाच उभ्या.
‘माशी शिंकली काय गं?’ सुलाबाई म्हणाली
आणि कुणी हसलं नाही.

मग मिठाचं पाणी.
शंभर मणी, वेगवेगळ्या घडांतले,
पिशवीत हलक्या हातानं चेचलेले.
पंधरा मिनिटं.
आत कुणी असेल तर वर येतं,
तांदळाच्या कणीएवढं, वळवळत.
बारशाला पाळण्यावर वाकावं
तसे आम्ही चौघं बादलीवर वाकलो,
कुणी जन्मू नये म्हणून.
जैबूनचे ओठ हलत होते.
साली तरंगल्या. देठाचा एक तुकडा.
आमची तोंडं तरंगली.
बाकी काही नाही.

‘झालं की मग,’ अण्णा म्हणाले, ‘शून्य लिही.’
मलाही तेच लिहायचं होतं.
वहीत काढलंसुद्धा.
शून्य मण्यासारखंच दिसतं, भरलेलं, गोल.
मग पेनाचं टोक त्याच्या मधोमध टेकलं
आणि एक ठिपका उमटला,
मी काढला की उमटला, सांगता येत नाही.
खोडलं. शेजारी लिहिलं: एक, संशयित.
त्याला स्पिरिटच्या कुपीत घातलं,
वर प्लॉट नंबर, डबा नंबर, तारीख.
पुण्याहून कळायला चार दिवस.

अण्णा फोन घेऊन ओढ्यापलीकडं गेले.
सुलाबाईनं कात्री धुतली,
तिला कुणी सांगितलं नव्हतं.
जैबून जाताना एवढंच म्हणाली,
‘खाडा धरतील आमचा.’

रात्री ताटलीत सोनाका.
सासरे बोलता बोलता एकेक तोंडात टाकत होते.
मी एक मणी ट्यूबलाइटसमोर धरला,
आरपार हिरवा, आत देठाची बारीक शीर.
‘काय बघतेस एवढं?’
काही नाही.

काही नाही, हेच बघायचा
मला पगार मिळतो.