पिंजरा क्रमांक सात

बोहरी आळीतून जाळी आणली, बारीक भोकांची,
करंगळी जाणार नाही अशी.
दुकानदार म्हणाला, कोंबड्या?
म्हटलं, नाही, गवत.
गवत कोंडायचंय.
त्याने सुट्टे पैसे दोनदा मोजून दिले.

वेताळ टेकडीवर, खाणीच्या वरच्या अंगाला,
दहा चौकटी, मीटर बाय मीटर.
पाच जाळीत, पाच उघड्या.
जाळी वीतभर पुरलेली,
कारण उंदीर वरून कमी येतो, खालून जास्त.
म्हातोबा धिंडले कुदळ टेकवून म्हणाले,
नुसता मुरूम आहे बाई,
इथं उंदीरसुद्धा विचार करून राहतो.

खरं तर ही नक्कल.
मूळ प्रयोग तिकडे वर, जिथे विलो घोट्याला लागतो
आणि त्याला झाड म्हणावं लागतं.
निशिगंधा पाध्ये तिथे तीन उन्हाळे राहिली.
तिचे निरोप यायचे माझ्या रात्री अडीचला,
तिच्या लख्ख उजेडातून:

लेमिंग. मुठीएवढा. शेपूट असून नसल्यासारखं.
हिवाळाभर बर्फाखाली जागा,
शेवाळ कातरतो, गवताची बुडं खातो.
बर्फ गेलं की त्याच्या वाटा उघड्या पडतात,
शिंप्याने खडूने आखून ठेवल्यासारख्या.
एखाद्या वर्षी पाय कुठे ठेवावा कळत नाही,
मग दोन वर्षं एकही नाही.
आमच्या जाळीत शेवाळाची गादी झालीय,
खालची माती आणखी गार.
बाहेर गवत विरळ, पण हिरवं,
लेंड्यांच्या शेजारी तर हट्टाने हिरवं.

मी पंख्याखाली वाचायचे.
कोथरूड घामेजून झोपलेलं.

समितीपुढे एक सर म्हणाले,
म्हणजे शेवटी डोंगर पोखरून उंदीरच ना?
सगळे हसले, मीही हसले.
मग चहा आला.

दुसऱ्या सप्टेंबरात जाळीतली कुसळी कमरेला आली.
खाली गेल्या सालचं गवत तसंच पडून,
त्याला न वाळलेल्या गोधडीचा वास.
दुसरं काहीच नव्हतं. मोजायला सोपं.
उघड्या चौकटीत दुपार पुरेना:
कुरतडलेल्या काड्या, तिरप्या कापाच्या,
त्यांच्या मधल्या उजेडात
तेरडा, कवळा, सोनकी,
बोटभर उंचीची एक पांढरी आमरी,
आणि दोन रोपं, ज्यांना नाव द्यायला
मला रात्री पुस्तक उघडावं लागलं.

सरांना कळवायचं होतं, उलटं आहे,
इथे उंदीर पोखरतो आणि डोंगर निघतो.
वाक्य मलाच फार आवडलं,
म्हणून खोडलं.

मग पिंजरा सात.
कोपऱ्यात भगदाड, आतून बाहेर की बाहेरून आत
ते कळत नव्हतं.
तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग, चहाच्या भुकटीसारखा,
आणि ढिगावर नभाळी.
सतरा.
बाकी चार पिंजऱ्यांत मिळून शून्य.
म्हातोबा म्हणाले, दगड लावू का भोकाला? कोणाला कळतंय.
मी तक्त्यात लिहिलं: सात, बाद.
नियम तसाच आहे. मोडलेली चौकट मोजत नाहीत.
तरी सतरा हा आकडा
मी वहीच्या मागच्या पानावर उतरवला,
भाजीच्या हिशोबाखाली.

निशिगंधाला फोटो पाठवला.
चार दिवसांनी उत्तर:
इकडे भर हिवाळ्यात पाऊस झाला.
बर्फाची काच झाली, खाली जागाच उरली नाही.
तिसरं वर्ष, एकही नाही.
शेवाळ छान आहे.

त्या "छान"वर मी बराच वेळ अडकले.

रात्री सिलिंडरमागे खुडबुड.
कणकेच्या डब्याचं झाकण कुणीतरी तपासतंय.
सोसायटीची वही दारात ठेवलेली, बुधवारी औषध मारणार,
संमतीसाठी सही करा.
वरखाली सगळ्यांच्या झाल्यात.
पेन आहे हातात.
सातवी जाळीसुद्धा
अजून शिवलेली नाही.