विरजण

ओस्त्रावाहून समुद्र कुठल्याही दिशेला
रात्रभराच्या रेल्वेइतका लांब.
म्हणून आठव्या मजल्यावर, स्वयंपाकघर आणि बाल्कनीच्या मध्ये
द्राहोमीराबाईंनी तीनशे लिटर समुद्र ठेवलाय:
लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ, पंचवीस अंश ऊब,
आणि विजेचं बिल, ज्याबद्दल त्या बोलत नाहीत.

रादोव्हान आलाय. विरजण मागायला यावं तसा,
हातात रिकामा थर्मास, दारातच बूट काढत,
"जास्त नको. नखाएवढं चालेल."

जानेवारीत दोन रात्री वीज गेली
तेव्हा तो इस्पितळात होता, गुडघा बदलून घेत.
परतला तर काचेमागे करडं पाणी.
वास कसा होता ते त्यानं एकदाच सांगितलं.
मार्चमध्ये टाकी पुन्हा भरली. नुसते दगड.
संध्याकाळी त्यांच्यावर निळा दिवा लावून बसतो.

बाई एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होत्या.
हातमोजे. चष्मा. पाकिटातून नवं ब्लेड.
ताटाएवढं पसरलेलं ते पिवळट प्रवाळ,
अळंबीसारखं, टोपीभर हजार बोटं हलती;
हात लागताच सगळी बोटं आत,
उरतं नुसतं चामडं.

"मऊ आहे म्हणून लोक घाबरतात,
आणि घाबरले की करवत चालवतात.
एका दमात काप."

रक्त येत नाही.
भेंडी चिरावी तशी तार सुटते फक्त,
आणि एक उग्र दर्प, ज्याला दोघांच्याही भाषेत शब्द नाही.
कापलेली कड आयोडीनच्या पाण्यात. मोजून दहा मिनिटं.
मिनिटं मोजताना बाई अजूनही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात,
मनगटावरच्या नाही.

गोंद इथे टिकत नाही. बुळबुळीत अंग
गोंदासकट साल सोडून मोकळं होतं.
म्हणून खणातून ती जाळी निघते,
एकोणीसशे एक्क्याहत्तरमध्ये डोक्यावरून घेतलेली.
"नवरा ब्रनोच्या बाईबरोबर गेला. जाळी कामाला आली."
दगडाच्या खळग्यात तुकडा, वर जाळी,
वर रबर, फार घट्ट नाही.
हा चोविसावा.

मग त्याला आठवतं. बरणी.
जर्दाळूच्या मुरंब्याची, लेबल अर्धं निघालेली,
ट्रॅममध्ये कोटाच्या आत धरून
चौदा वर्षांपूर्वी यांच्याकडे आणलेली.
"म्हणजे हे माझंच?"
"तुझंच."
"पण माझं तर मेलं."
"त्यातलं तिथे होतं ते मेलं."

लेकरू नव्हे, नातू नव्हे. तेच.
त्याला ते लाइपझिगच्या गेर्डानं दिलेलं,
गेर्डाला बंदराजवळच्या एका दुकानानं,
दुकानाच्या आधी कुठला तरी उथळ समुद्र,
कुठल्या तरी पाणबुड्याचा हात.
दोन्हींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

"मग वय काय धरायचं याचं?"
बाई ब्लेड पुसतात.
"वय पेशंटला विचारतात."
आणि जरा थांबून,
"बॅटरीवरचा पंप घेतलास की नाही?"

तो जातो. जिन्यात गुडघा वाजतो.
टाकीतलं मोठं प्रवाळ मात्र रुसून बसतं,
मिटलेलं, मेणचट, चतकोर कमी.
आठवडाभर तसंच राहील, मग कात टाकेल.
बाई कोळशाची पिशवी बदलतात, मासे जरा उपाशी ठेवतात,
आणि काचेला पाठ करून शब्दकोडं सोडवतात,
म्हणजे त्याला बघितल्यासारखं वाटू नये.

अकराव्या दिवशी फोन.
"उघडलं?"
"नाही. पण एका कडेला, जाळीतून..."
"काय?"
"थांबा."
तो फोन काचेला लावतो.

प्रवाळाला आवाज नसतो हे दोघांना माहीत आहे.
बाई तरी ऐकत राहतात
पंपाची घरघर, मध्येच एखादा बुडबुडा,
इकडे सूप खाली लागेपर्यंत.