साडेचार

गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा आठ,
म्हणजे माझा महिना ऑगस्ट.
सबंध आइसलँडात असंच, ज्याचा जो आकडा त्याचा तो महिना.
विसरलो म्हणायला जागा नाही.
तरी मी फोन उचलला सत्तावीस तारखेला.

"शुक्रवारी सव्वादहाला या," पलीकडचा आवाज म्हणाला,
"महिन्यातून दोनच दिवस उघडतो आम्ही.
मासळीच्या कारखान्यामागं, निळं दार."
दार माहीत होतं. आवाजही.
त्यानं नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

गुरुवारी सुबारू धुतली.
डॅशबोर्डच्या खणातून निघाला लोकरीचा एकच मोजा,
मेंढ्यांच्या कानातले दोन बिल्ले,
आणि गेल्या वर्षीचा कागद:
गंजाकडे लक्ष द्यावे.
दिलं होतं लक्ष. रोज बघत होते.

चालकाचं दार तीन हिवाळ्यांपूर्वी वाऱ्यानं उलटं पिरगळलं,
तेव्हापासून ते जरा उचलून, कंबर लावून ढकलावं लागतं.
माझ्याशिवाय कुणाला जमत नाही.
सायलेन्सर जाळ्याच्या दोरीनं बांधलाय.
गाठ शेजारच्या बाल्दुरची,
आणि गाठ चांगली आहे.

निळ्या दारात एयोल्फुर उभा. दाढीत पांढरं.
"हालदोरा," म्हणाला. इथं बाईंनाही नावानंच हाक मारतात,
शाळेतही तो असाच म्हणायचा,
शेवटच्या बाकावरून, वही झाकून.
किल्ली घेतली.
दार त्याला पहिल्या झटक्यात जमलं.

चाकं रुळांवर फिरली, पडद्यावर दोन रेघा चढल्या,
उजवी वर, डावी मागं रेंगाळत.
"तीस टक्क्यांपर्यंत फरक चालतो," तो म्हणाला.
"हा बत्तीस."
बत्तीसचे तीस करता येतात का, मी विचारणार होते.
मग आठवलं, की एका मे महिन्यात माझ्या टेबलावर
त्याचा गणिताचा पेपर होता, दहापैकी साडेचार,
खिडकीत ऊन, हातात लाल पेन्सिल,
आणि पाच करायला कुणाचीच हरकत नव्हती.
त्या उन्हाळ्यात बाकीची पोरं बोटींवर गेली,
तो अपूर्णांक घेऊन घरी बसला.
मी काही विचारलं नाही.

"खाली येता?" म्हणाला.
एकाहत्तराव्या वर्षी त्या खड्ड्याच्या लोखंडी पायऱ्या
एकेक करून उतरले.
एकोणीस वर्षं हिच्या पोटात बसून फिरले,
पोट खालून कधी पाहिलं नव्हतं.
त्यानं बॅटरी धरली, बारक्या हातोडीनं टकटक केली.
इथं घट्ट.
इथंही घट्ट.
इथं,
आणि ओंजळभर तांबडा भुगा माझ्या बुटांवर.
भोकातून वरचा उजेड दिसला, माझ्या सीटखालचा.

मग त्यानं समजावून सांगितलं, सावकाश,
खारा वारा आधी कुठं शिरला,
वजन कुठून कुठं जातं,
आणि तिथं गेलं नाही तर कुठं जाईल.
प्रत्येक पायरीला थांबत होता.
थांबायची ती रीत माझी.
मान तिरकी करून बघणं, तेसुद्धा.
"समजलं?"
हो, म्हणाले,
जसा तो म्हणायचा, खिडकीबाहेर बघत.
खड्ड्यात खिडकी नव्हती, तरी बाहेर बघत.

नंबरपाटीवर हिरवं स्टिकर बसलं, त्यावर नऊ:
सप्टेंबर संपायच्या आत पुन्हा या.
कागदावर ब्रेक लिहिला, गंज लिहिला,
वायपरचं रबर लिहिलं, जे मला ठाऊकच नव्हतं.
बाल्दुरच्या गाठीबद्दल एक अक्षर नाही.
मी कागद दोनदा वाचला, सवयीनं,
शुद्धलेखनाच्या तीन चुका सापडल्या.
घडी घालून खणात ठेवला, मोज्याशेजारी.

घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला
तर गाडी किंचित उजवीकडे ओढली.
कायमच ओढत असावी.
मी चाक डावीकडे धरत आले होते,
इतकी वर्षं,
सरळ समजून.