न वटलेलं ऊन

आओमोरीच्या या दवाखान्यात चार नंबरची खाट नाही.
तीननंतर थेट पाच.
आमच्याकडे चार आणि मरण
यांचा उच्चार एकच, म्हणून.
पाचवर हात्सुए कुदो, सहावर मी.
सोमवार, बुधवार, शुक्रवार.
तिची सतरा वर्षं, माझी अकरा.

डॉक्टर ओदाजिमांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं,
त्यात चार ठिपके, तांदळाच्या दाण्याएवढे.
यांचं काम रक्तातला चुना मोजायचा, म्हणाले, बस.
पण मूत्रपिंडं बंद पडली की ऊन वटत नाही.
अंगावर पडतं, कातडीत मुरतं, यकृतापर्यंत जातं,
शेवटचा शिक्का मारणारी खिडकीच बंद.
मग या चौघी घाबरतात, फुगतात,
घरातलं सोनं मोडावं तशी हाडं मोडून
रक्ताचा रोजचा खर्च भागवतात.

हात्सुएला लगेच कळलं.
हाकोदातेच्या बोटीवर तीस वर्षं तिकिटं तपासलेली बाई.
शिक्क्याशिवाय तिकीट म्हणजे नुसता कागद, म्हणाली.

म्हणून वटवलेलं ऊन
यंत्र थांबायच्या आधी नळीतून सोडायचे,
थेंबभर. बाहेर उणे सहा.
पहिल्या वर्षी आकडा उतरला.
मग चुना चढला, औषध बंद.
आकडा चढला, औषध सुरू.
सुकी मासळी बंद, चीज बंद,
खाज तेवढी रात्रभर सुरू.
फेब्रुवारीत ती शिंकली
आणि बरगडी मोडली.

गळा काढला नाही तिने.
म्हणाली, त्या चौघींना काढा.

काढल्या. एकीचा अर्धा तुकडा मात्र बारीक चिरून
उजव्या हाताच्या मांसात पेरला;
डाव्यात सुयांची घरघरती शीर आहे, तिथे जागा नव्हती.
पहिल्या रात्री ओठांना मुंग्या, बोटं वळलेली.
इतक्या वर्षांची उपाशी हाडं
चुना गिळत सुटली. गोळ्या पुरेनात.

आता नर्स दोन्ही हातांतून रक्त घेते.
उजव्याचा आकडा मोठा आला
की समजायचं, रुजलं.

माझा आकडा आज आला: नऊशे बारा.
मी कागदाची घडी केली, उघडली, परत केली.
हात्सुएने बाही वर सारली.
लाव हात, म्हणाली.
दोन खाटांमधून जेमतेम पोचला माझा हात.
एक बारीक वण. त्याखाली काहीच लागेना.
"लागत नाहीच," ती म्हणाली,
"पण कामावर येतंय. उशिरा का होईना."

तेवढ्यात ढग सरला.
कंबरभर बर्फावरून ऊन थेट आमच्या डोळ्यांत.
पडदा ओढायला उठणार कोण,
दोघंही नळ्यांना बांधलेले.
मग पडून राहिलो तसेच,
ते बिनशिक्क्याचं ऊन
तोंडावर घेत.