एकास बहात्तर

गोकुळपेठेत, औषधाच्या दुकानावरचा जिना चढलात की माझी लॅब.
मी दात बनवते.
डॉक्टर भुसारी जबड्यांचे ठसे पाठवतात,
मी त्यांना तोंडं करून परत देते.
सातनंतर त्याच टेबलावर,
त्याच कोरण्यांनी, त्याच बारीक कुंचल्यांनी
विमानं.

कशासाठी, असं विचारणारे फार झाले.
उत्तर सापडलं तर हात थांबेल अशी भीती वाटते,
म्हणून शोधत नाही.

डोंगरवार आले ते कवळीसाठी.
एअरफोर्समधून सार्जंट होऊन सुटले, खर्रा मात्र सुटला नाही.
म्हणाले, पांढरेफेक नका देऊ बाई, लोकं वळखतात.
मग मी दोन दाढांच्या फटीत तपकिरी रेघ भरली,
सुळ्याच्या मुळाशी थोडं पिवळं,
खालचा एक दात मुद्दाम तिरपा.
आरशात पाहून हसले, आणि हसता हसता
त्यांना कपाटावरचा रणगाडा दिसला, चिखलाने बरबटलेला.
'हे बी तुम्हीच मळवता का?'
हो.
'मंग माह्यं हंटर करून द्या.'

डबा मागवला. करड्या चौकटींना लटकलेले
एकशे चार तुकडे. चौदा मीटरचं विमान
माझ्या एका वितीत मावतं.
मे महिना. इथे मेमध्ये रंग बंदुकीतून निघतो
आणि पोचायच्या आधीच वाळतो,
पंखावर रव्यासारखा खरखरतो.
कुलर लावावा तर वाळ्याची ओली हवा
वार्निशवर साय धरते.
म्हणून पहाटे चार. कुलर बंद, ओढणी कपाळाला बांधलेली.
सोनेगावकडे उतरणारं पहिलं विमान डोक्यावरून जातं
तेव्हा मी श्वास रोखून असते,
त्याच्यासाठी नाही, कॉकपिटच्या कडेसाठी.

वाटीत कोमट पाणी.
कागदावरून हळूहळू गोल सुटतो, केशरी पांढरा हिरवा,
नखाएवढा, ओला,
जरा जोर लागला की फाटणारा.

ते रोज फोन करत.
पोटाखाली डावीकडे तेलाचा ओघळ,
मागे जाणारा, खाली नाही,
वारा ओढायचा ना त्याला.
पुस्तिकेत हे नव्हतं.
चाकाच्या झाकणावर खडूचा आकडा.
कुठला?
'तो मी सांगत नसतो. नुसती खूण करा.'
पायलट बसवू नका. काच उघडी. शिडी पाहिजे.
डब्यात शिडी नव्हती.
खराट्याच्या काड्यांची केली, पिवळी रंगवली.

आणि शिडी जिथे टेकते त्याच्या शेजारी,
त्यांना न विचारता,
एक पंजा उमटवला, ग्रीसचा,
तिळाएवढा,
मोठ्या भिंगाखाली, दोन केसांच्या कुंचल्याने.

एकदा विचारलं, तुमचा पायलट चढायचाय
की उतरून गेलाय?
ते कवळी काढून रुमालाने पुसत बसले.
दात हातात घेतलेला माणूस उत्तर देत नाही,
एवढं मला धंद्याने शिकवलंय.

घरी नेलं नाही. सून फडकं फार जोरात मारते म्हणाले.
किमतीत घासाघीस केली, कवळीच्या वेळी केली नव्हती.
आता हंटर माझ्या कपाटात,
प्लॅस्टरच्या दोन वरच्या जबड्यांमध्ये,
नाक खिडकीकडे.

मंगळवारी डोंगरवार येतात. बोचते म्हणतात कवळी.
आधी भिंग मागतात,
रिकाम्या सीटवरून पुढे सरकतात, तिळाशी थांबतात.
एकदाच बोलले,
'हात जरा वर राहे. पण चालते.'

कवळी कुठेच बोचत नाही.
मी ती हातात घेते, मशीन सुरू करते,
आणि दोन मिनिटं काहीच घासत नाही.